यजमानपद शेतकऱ्याचे

महाशिवरात्रीला वैनगंगेच्या काठी मार्कंडादेव येथे जी यात्रा भरते, तिचे निमंत्रण कोणी कोणाला धाडीत नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, जेथे ही नदी वळण घेऊन उत्तरेकडे वाहू लागते तेथे, मध्ययुगीन शिल्पांनी मढलेला मंदिरसमूह उभा आहे. १८७३-७४ च्या सुमारास अलेक्झांडर कनिंगहॅमने त्याची पाहणी करून सविस्तर वर्णन लिहून ठेवले. परंतु यात्रेला येणारा माणूस कनिंगहॅम वाचून येत नाही. खरिपाच्या धानाची मळणी उरकलेली असते, चार पैसे हाती खुळखुळत असतात आणि रोवणीचे दिवस अद्याप दूर असतात. शेतीच्या वर्षातील ही उसंत आणि पर्वकाळ यांचा मेळ बसला आहे, म्हणूनच ही गर्दी आपल्या पायांनी येते.

अशा गर्दीपुढे विज्ञान न्यावे, ही कल्पना सभा-परिषदांतून वारंवार मांडली जाते. कृषी विद्यापीठ, आरोग्य खाते, वन खाते, महाविद्यालये, स्वयंसेवी संस्था यांनी एकत्र यावे, मंडप उभारावा, प्रयोग दाखवावेत, असे ठराव होतात. अडते ते एका ठिकाणी. यजमान कोण आणि पाहुणे कोण, हे कोणी ठरवीत नाही. मग प्रत्येक खाते स्वतःला यजमान समजते आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप मांडला, तो शेतकरी बघ्याच्या रांगेत उभा राहतो. हा प्रश्न ज्यांनी नीट ओळखला आणि स्वतःच्या पद्धतीने सोडविला, ते डॉ. पंजाबराव देशमुख विदर्भाचेच होते. या दृष्टीने त्यांच्या चरित्राकडे फारसे पाहिले गेलेले नाही.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. मूळ आडनाव कदम. वडील शामराव, आई राधाबाई. घर शेतकऱ्याचे होते. अमरावती आणि पुणे येथील शिक्षणानंतर १९२० मध्ये ते विलायतेला गेले, त्यासाठी वडिलांनी शेतीवर कर्ज काढले असे सांगतात. परतले ते १९२६ मध्ये, बॅरिस्टर आणि डॉक्टर या दोन्ही पदव्या घेऊन. गंमत अशी की, पुढे ज्यांचे नाव खते, बियाणे आणि नांगर यांच्याशी कायमचे जोडले गेले, त्यांच्या प्रबंधाचा विषय वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा होता. त्या अभ्यासाचा त्यांनी केलेला उपयोगही ध्यानात घेण्याजोगा आहे. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा, यासाठी झालेल्या सत्याग्रहात ते अग्रभागी होते आणि त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेर विवाह केला. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्षपद हाती येताच सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्याचे पाऊल त्यांनी उचलले.

यातून त्यांची एक रीत दिसू लागते. एकट्या संस्थेच्या बळावर ते कधी विसंबले नाहीत. श्रद्धानंद छात्रालयात निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसविली, तेव्हा पाठीशी शेतकरी कुटुंबांचा आधार होता. १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली तीही अशाच लहानमोठ्या मदतीतून. १९३० मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात गेले. मंदीमुळे कापसाचे भाव कोसळून कर्जाचा फास आवळला गेला होता, त्या काळात १९३३ च्या कर्ज लवाद कायद्यासाठी त्यांनी खटपट केली. असा कायदा करणारा मध्यप्रांत हा देशातील पहिला प्रांत. या कायद्याची कल्पना साधी होती. कोर्टात एकमेकांना पाण्यात पाहणारे सावकार आणि कुळ यांना मंडळासमोर एकत्र बसवायचे, देण्याचा हिशेब उघड करायचा आणि फेडता येईल असा आकडा ठरवायचा. ज्यांचे हितसंबंध भिन्न आहेत त्यांना एका बैठकीत आणावयाचे, पण बैठकीचे नियम आधी दुर्बलाच्या बाजूने आखून घ्यावयाचे, हे तंत्र पंजाबरावांना येथे गवसले असावे.

संविधान सभेतून ते लोकसभेत आले. १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तिन्ही वेळा ते निवडून आले आणि १९५२ नंतरची दहा वर्षे केंद्र शासनात शेतीशी निगडित खाती त्यांच्याकडे राहिली. त्या काळात त्यांनी चालविलेली एक मोहीम चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्याला थेट भिडणारी होती. भातलागवडीच्या जपानी पद्धतीचा प्रसार ही ती मोहीम. मुंबईजवळ बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात या पद्धतीची प्रात्यक्षिके झाली होती आणि १९५३ पासून केंद्रीय खात्याने ती देशभर नेली. उंच गादीवाफ्यावर पऱ्हे टाकावेत, बियाणे कमी पण निवडक वापरावे, एका ठिकाणी मोजकीच रोपे लावावीत, दोरी धरून सरळ ओळीत रोवणी करावी, ओळींमधून कोळपे फिरवावे आणि खताची मात्रा वाढवावी, असे तिचे स्वरूप होते. ग्रामोद्योगाचे काम करणारी गांधीवादी संस्था, दिल्लीचे मंत्रालय, राज्यांची कृषी खाती आणि शेतकऱ्यांची स्वतःची बांधी, अशी ही साखळी होती. प्रयोगशाळा बांधीत नेण्याचा स्वतंत्र भारतातील हा पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक होय.

मोहिमेला यश आले ते मर्यादित, आणि त्याचे कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज कळण्यासारखे आहे. ओळीत रोवणी करण्यास वेळ अधिक लागतो. रोवणी करणाऱ्या बहुतांशी स्त्रिया आणि पाऊस साधण्याचे दिवस मोजके. खतासाठी रोख रक्कम हवी, पाणी हवे तेव्हा देता व काढता यायला हवे. तळ्याच्या किंवा केवळ आभाळाच्या भरवशावर असलेल्या बांधीत ते कसे जमावे? पद्धत शास्त्रशुद्ध होती, पण रोवणीच्या चिखलात वाकून उभ्या असलेल्या बाईला तिच्याबद्दल काय वाटते, हे विचारण्याची सोय त्या मोहिमेत नव्हती. पुढे श्री पद्धती या नावाने जवळपास याच तत्त्वांचा पुन्हा प्रसार करावा लागला, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा आडवा आला.

पंजाबरावांना या त्रुटीची जाणीव कितपत झाली हे त्यांच्या कृतीवरूनच ताडावे लागते. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली. पक्षनिरपेक्ष, देशव्यापी अशी ही शेतकऱ्यांची संघटना होती आणि अखेरपर्यंत ते तिचे अध्यक्ष होते. सरकारकडे कृषी खाते असताना आणखी एका संघटनेची गरज काय, अशी शंका त्या वेळी अनेकांना आली असेल. तिचे उत्तर चार वर्षांनी दिल्लीत मिळाले.

११ डिसेंबर १९५९ रोजी दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शनाचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी केले. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर या प्रसंगी हजर होते. अमेरिकेने आपल्या दालनाला अमेरिकी मेळा असे देशी नाव दिले. त्याचा आराखडा मिनोरू यामासाकी यांचा होता, ज्यांनी पुढे न्यूयॉर्कचे जोडमनोरे रचले. सोव्हिएत संघ व इतर देशांचीही दालने होती. शीतयुद्धाच्या ऐन भरात दोन महासत्ता ट्रॅक्टर, बियाणे आणि दुभती जनावरे यांच्या रूपाने एका मैदानात समोरासमोर आल्या. आणि या साऱ्यांना आमंत्रण देणारी संस्था होती भारत कृषक समाज.

येथे क्षणभर मागे वळून पाहणे आवश्यक आहे. याच मध्य भारतात १८६५ च्या डिसेंबरमध्ये मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत नागपूरला कला, उद्योग व उत्पादने यांचे मोठे प्रदर्शन भरले होते. पाठोपाठ जबलपूरला १८६६-६७ मध्ये दुसरे प्रदर्शन भरले. त्यात मध्यप्रांताच्या रानावनांतील आदिवासींनाच आणून उभे करण्यात आले, विद्वानांच्या समितीने त्यांचे निरीक्षण केले आणि तिच्या छापील अहवालाच्या शीर्षकात या माणसांचा उल्लेख चक्क नमुने असा केला. प्रदर्शन सरकारचे, विज्ञान पाहुण्यांचे आणि भूमिपुत्र काचेच्या पेटीतील वस्तूसारखा! गोंड-माडियांच्या मुलखात विज्ञानाचा मंडप उभारू पाहणाऱ्या कोणाही संस्थेने हा अहवाल विसरता कामा नये.

त्या पार्श्वभूमीवर दिल्लीचे प्रदर्शन निराळे उठून दिसते. जागा व सोयी शासनाच्या, आपापल्या दालनाचा भार त्या त्या देशाचा, पण घर शेतकऱ्याचे. पाहुण्याने काय आणावे हे त्याने ठरवावे, पण कोणाच्या दारात आपण आलो आहोत याचे भान त्याला राहावे, अशी ही योजना होती. त्या वर्षीची देशाची अवस्था पाहिली म्हणजे या मांडणीचे मोल कळते. १९५६ च्या करारापासून अमेरिकेचा गहू पी.एल. ४८० खाली येत होता आणि १९५९ मध्येच फोर्ड प्रतिष्ठानच्या तज्ज्ञांनी अन्नसंकटाचा इशारा देणारा अहवाल सादर केला होता. धान्यासाठी हात पसरणाऱ्या देशाच्या शेतकऱ्यांनी जगाला आपल्या घरी बोलवावे, यात स्वाभिमान होता आणि हिशेबही होता. मागणाऱ्याला जे दाखविले जाते ते घ्यावे लागते; यजमानाला निवड करता येते.

अर्थात या चित्राला दुसरी बाजू आहे. मंत्री तेच आणि समाजाचे अध्यक्षही तेच. खर्चाची किल्ली आणि निमंत्रणाची लेखणी एकाच हाती असल्यावर यजमान खरोखर स्वतंत्र होता काय, हा प्रश्न उरतोच. शिवाय दिल्लीला पोचला तो गाडीभाडे परवडणारा शेतकरी. एटापल्ली किंवा सिरोंचा येथील, दोन एकर बांधीवर आणि मोहफुलांवर गुजराण करणारा माणूस त्या मैदानात आला असण्याचा संभव फारच कमी. पंजाबरावांचे यश संघटित शेतकऱ्याला यजमान करण्यापर्यंत पोचले. असंघटितांची पायरी त्यांच्याकडून चढायची राहिली.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. सिंदेवाहीचे संशोधन केंद्र, गडचिरोलीचे कृषी महाविद्यालय आणि कृषी विज्ञान केंद्र ही याच विद्यापीठाची अंगे. म्हणजे ज्या माणसाने शेतकऱ्याला यजमान केले, त्याचीच पाटी आज या वनजिल्ह्यांत पाहुण्याच्या दारावर आहे.

यजमानाकडे देण्यासारखे काय असते, याचा पुरावाही याच मुलखात आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये पटेल-३ या धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षे निवड केली आणि त्यातून एचएमटी हा वाण निघाला; नाव दिले ते त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे. वाण दूरदूर पसरला, विद्यापीठानेही त्याची सुधारित आवृत्ती आपल्या नावाने प्रसृत केली आणि श्रेय कोणाचे यावरून वाद झाला. जून २०१८ मध्ये दादाजी गेले. श्रेयाचा तो वाद केवळ मानापमानाचा समजणे चूक ठरेल. एकाने शोधावे आणि दुसऱ्याने नाव लावावे, अशी रीत असेल तर कोणता शेतकरी आपली लोंबी विद्यापीठाच्या मंडपात घेऊन येईल?

पंजाबरावांच्या काळी असंघटित आदिवासी व लहान शेतकऱ्याचे प्रतिनिधित्व करणारी संस्था सापडणे कठीण होते. आज तसे म्हणता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ पासून तेथील ग्रामसभेने स्वतःचा बांबू स्वतः विकला. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपत्ता व बांबू यांचे व्यवहार करू लागल्या. हिशेब ठेवणारी, स्वतःचा निधी असणारी आणि ठराव करून पत्र धाडू शकणारी अशी ही संस्था आहे. मंत्र्याच्या मर्जीवर तिचे यजमानपद अवलंबून नाही. कृषक समाजाला जे स्वातंत्र्य पुरते लाभले नाही, ते तिला पैशाच्या बाजूने तरी लाभू शकते.

धान घरात आल्यापासून महाशिवरात्रीपर्यंत दोन-अडीच महिन्यांचा अवधी मिळतो. चामोर्शी परिसरातील काही ग्रामसभा आणि मार्कंड्याची यात्रा सांभाळणारी मंडळी यांनी तेवढ्या काळात एक बैठक घ्यावी. सिंदेवाहीने धानाचे कोणते वाण आणावेत, गोंडवाना विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी माती आणि पाणी कसे तपासून दाखवावे, आरोग्य खात्याने सिकलसेलची तपासणी कोणत्या दिवशी ठेवावी आणि गावकऱ्यांनी जपलेल्या वाणांच्या टोपल्या कोणत्या बाजूला मांडाव्यात, हे त्या बैठकीत ठरावे. टोपलीवर वाणाच्या नावासोबत तो जपणाऱ्याचे नाव आणि गाव असावे. मग निमंत्रणाची पत्रे अकोल्याला, नागपूरला आणि मुंबईला ग्रामसभांच्या शिक्क्यानिशी जावीत.