कॉर्बेट साहेबांच्या बंदुका

जिम कॉर्बेट म्हटले की बहुतेकांना नरभक्षक वाघ आठवतो. मी शाळेच्या शस्त्रागारात काम करतो, त्यामुळे मला आधी त्यांच्या बंदुका आठवतात. १९४७ च्या अखेरीस, वयाची बहात्तर वर्षे उलटल्यावर, नैनीतालचे घर विकून ते बहीण मॅगी हिच्यासह केनियाला निघाले. कोणती बंदूक बरोबर न्यायची, कोणती मागे ठेवायची, आणि कोणती कुणाच्याच हाती पडू द्यायची नाही, हे तेव्हा त्यांना ठरवावे लागले. शिकाऱ्याच्या आयुष्यातला हा हिशेब फारसा कोणी सांगत नाही, म्हणून लिहितो.

त्यांचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनीतालचा. वडील पोस्टमास्तर होते. जिम लहान असतानाच ते वारले. घर मोठे आणि पैसा बेताचा. आधी हातात गलोल आली, मग एक दुनळी ठासणीची बंदूक. तिची उजवी नळी फुटलेली होती आणि मोडका दस्ता पितळी तारेने बांधलेला होता. म्हणजे चालणारी नळी एकच, आणि एक बार उडाला की पुन्हा ठासेपर्यंत वाट पाहायची. नेम चुकवणे परवडणारे नव्हते.

कॅडेटांनो, पुढची गोष्ट तुमच्या कामाची आहे. जिम शाळेच्या कॅडेट तुकडीत होता तेव्हाची. वय जेमतेम दहा. तिथल्या सार्जंट मेजरने त्याला सुट्टीत वापरायला .४५० मार्टिनी रायफल दिली, काडतुसेही हवी तेवढी दिली. अटी दोनच होत्या: रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत आणायच्या. याच रायफलने त्याने पहिला बिबट्या मारला. आमच्याकडेही अट हीच आहे. रेंजवर एक पुंगळी कमी भरली की सगळे ओळीने वाकून गवत चाळतात, तेव्हा तुमच्यातले काही जण माझ्याकडे कसे बघतात ते मला ठाऊक आहे.

पुढे रेल्वेची नोकरी आणि मोकामा घाटावरची माल चढवण्या-उतरवण्याची वीसेक वर्षे. तिथूनच १९०७ साली ते चंपावतच्या वाघिणीमागे गेले. तिच्या नावावर ४३६ बळी होते. जवळ .५०० ची रायफल होती, पण त्या दिवशी काडतुसे तीनच नेलेली. तिन्ही संपली तेव्हा तहसीलदाराची जुनी बंदूक मागून घेऊन शेवटचा बार टाकावा लागला. त्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यांना .२७५ रिग्बी रायफल भेट दिली. तहसीलदारालाही बंदूक मिळाली.

रिग्बी हलकी, एका नळीची, बोल्टची रायफल. त्यांच्याकडे दुसरी होती जेफ्री कंपनीची .४५०/४०० दुनळी. ती जड आणि जबर मारा करणारी; दोन्ही बार लागोपाठ टाकता येणारी. वाघासमोर उभे राहायचे तर कुणीही दुसरीच निवडेल. पण १९३० च्या एप्रिलमध्ये चौगढच्या वाघिणीमागे जाताना त्यांच्या हातात हलकी रायफल होती. डाव्या हातात पक्ष्याची दोन अंडी होती, संग्रहासाठी उचललेली. एका मोठ्या खडकाला वळसा घातला, मागे पाहिले, तर काही फुटांवर वाघीण बसलेली. अंड्यांमुळे डावा हात मोकळा नव्हता. एकाच हाताने, जराही घाई न करता, त्यांनी रायफलचे तोंड हळूहळू फिरवत आणले आणि चाप ओढला. जड दुनळी असती तर एका हाताने ती अशी फिरली नसती. त्या वाघिणीचे बळी ६४ होते.

म्हणून मी म्हणतो, बंदुकीची किंमत कॅटलॉगावरून ठरत नाही. आमच्या घरीही हा प्रश्न आला. २०१९ च्या कायदादुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येऊ लागली. आमचे घर छिंदवाड्याकडचे. वडिलांच्या तीन बंदुका होत्या: एक एकनळी, एक दुनळी, एक .३१५ रायफल. धाकट्या भावाचे म्हणणे, सगळ्यांत कमी दाम येणारी एकनळी काढावी. मी म्हटले, रायफल काढू. शिकार १९७२ च्या कायद्याने बंद, आणि घरात ती नियमाने साफ करणारा कोणी उरला नाही. दोन दिवस भाऊ बोलला नाही. वडिलांनी शेवटी रायफल परवानाधारक दुकानदाराकडे जमा केली.

कॉर्बेट छिंदवाड्यालाही आले होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी तिथे सैनिकांना जंगलात राहायला, चालायला, खाणाखुणा वाचायला शिकवले. त्याआधी पहिल्या महायुद्धात ते कुमाऊँच्या पाचशे माणसांची तुकडी घेऊन फ्रान्सला गेले होते आणि एक सोडून सगळ्यांना परत घेऊन आले. मला तर त्यांच्या वाघांपेक्षा हा आकडा मोठा वाटतो. १९३० नंतर त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा सिने कॅमेराच जास्त दिसू लागला. १९३६ साली हेली राष्ट्रीय उद्यान उभे राहिले त्यात त्यांचा वाटा होता. आज त्याला त्यांचेच नाव आहे.

आणि मग १९४७. रिग्बी आणि जेफ्री दोन्ही त्यांनी बरोबर नेल्या. चरित्रकार सांगतात की काही बंदुका त्यांनी विश्वासातल्या माणसाला घेऊन कालाढुंगीच्या जंगलात पुरून टाकल्या. विकल्या असत्या तर पैसे आले असते. आफ्रिकेत नवे घर मांडायचे होते, पैसे नको होते असे नव्हे. पण ते धामधुमीचे साल होते. विकलेली बंदूक उद्या कुणाच्या खांद्यावर जाईल आणि कुणावर रोखली जाईल, याचा जबाब कोण देणार? पुंगळ्या मोजून परत देणाऱ्या मुलाने म्हातारपणी हेच केले असते, असे मला वाटते.

कालाढुंगीजवळच्या छोटी हल्द्वानी या आपल्या गावातल्या कुळांना त्यांनी जमिनी देऊन टाकल्या, आणि केनियातूनही त्यांचा सारा ते मरेपर्यंत भरत राहिले. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे ते वारले. जेफ्री पुढे अमेरिकेत गेली. रिग्बी त्यांच्या प्रकाशकांकडे आणि तिथून बऱ्याच वर्षांनी, २०१५ साली, ती घडवणाऱ्या कंपनीकडे परत गेली. २०१६ साली ती काही दिवसांसाठी छोटी हल्द्वानीत आणली होती. कॉर्बेटनी गावच्या मुखियाला दिलेली साधी एकनळी मात्र गावातच राहिली आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना गावकरी ती आजही दाखवतात.