संथ वाटेचा वाटसरू : चार्ल्स डार्विन

परीक्षा जवळ आली की वसतिगृहाच्या खिडक्यांतून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवे जळताना दिसतात. जो जास्त जागतो तो जास्त अभ्यासू, अशी आपली एक साधी समजूत असते. मग ऐन पेपरच्या दिवशी कुणाचे डोके जड होते, कुणाला पाठ केलेले आठवत नाही, आणि परीक्षा संपल्यावर पुस्तकाकडे पाहण्याची इच्छाही उरत नाही. अशा वेळी मला चार्ल्स डार्विनचे चरित्र आठवते. उत्क्रांतिवादाचा प्रणेता म्हणून आपण त्याला ओळखतो. परंतु ऐन उमेदीत थकून गेलेला आणि मग उरलेली शक्ती जपून वापरीत चाळीस वर्षे काम करीत राहिलेला माणूस म्हणून त्याची ओळख आपल्याला फारशी नसते.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी या गावी झाला. वडील नामांकित डॉक्टर. मुलाने आपलाच व्यवसाय चालवावा म्हणून त्यांनी त्याला एडिंबरोला धाडले; ते जमले नाही, तेव्हा केंब्रिजला. अभ्यासापेक्षा शिकार, घोडदौड आणि किडे गोळा करणे यांतच त्याचे मन रमे. डिसेंबर १८३१ मध्ये, बाविसाव्या वर्षी, तो 'बीगल' जहाजावर चढला आणि जवळजवळ पाच वर्षांनी, ऑक्टोबर १८३६ मध्ये परतला. बोट लागून त्याचे फार हाल झाले खरे, पण जमिनीवर हा तरुण मैलोगणती चालला आणि अँडीज पर्वत चढून गेला. प्रकृतीने तो दुबळा नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुबळेपण आले ते लंडनमध्ये. १८३७ साल उजाडले तेच कामांचा डोंगर घेऊन. प्रवासवर्णन लिहून पुरे करायचे, गोळा केलेले प्राणी तज्ज्ञांकडे सोपवून त्यांवरील ग्रंथमाला संपादित करायची, भूशास्त्रावर निबंध वाचायचे. आणि या सगळ्याच्या आड, त्याच वर्षीच्या जुलैत, जीवजाती बदलतात कशा या प्रश्नावर त्याने एक खाजगी वही सुरू केली होती. सप्टेंबरात छातीत धडधड होऊ लागली. डॉक्टरांनी बजावले, सगळे काम टाका आणि काही आठवडे खेड्यात जाऊन राहा.

तो श्रूजबरीला आणि तेथून मामाच्या गावी, मेअरला गेला. मामा जोसाया वेजवुड याने त्याला आपल्या शेतातली एक गंमत दाखविली. काही वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला चुना आणि कोळशाची राख आता वर कुठेच दिसत नव्हती. खणले तर खाली काही इंचांवर त्यांचा थर सापडे. हे काम गांडुळांचे असावे, असा मामाचा तर्क होता. डार्विनने तो मनावर घेतला आणि १ नोव्हेंबर १८३७ रोजी लंडनच्या भूशास्त्र मंडळापुढे या विषयावर निबंध वाचला. सक्तीच्या विश्रांतीत, काही शोधायचे नाही असे ठरवून गेलेल्या माणसाच्या हाती हा विषय लागला आणि तो जन्मभर त्याच्या सोबतीला राहिला.

मात्र एवढ्याने तो शहाणा झाला असे नाही. लंडनला परतताच पुन्हा तीच धावपळ सुरू झाली. १८३९ मध्ये मामाच्याच मुलीशी, एम्माशी, त्याचे लग्न झाले. प्रकृती बिघडतच गेली. ओकाऱ्या, डोकेदुखी, धडधड. या दुखण्याच्या मुळाबद्दल डॉक्टरांत आजही एकमत नाही. शेवटी १८४२ मध्ये त्याने लंडन सोडले आणि डाउन नावाच्या खेड्यात घर घेतले. १८४९ मध्ये दुखणे इतके वाढले की तो मॉल्व्हर्न येथे डॉक्टर गली यांच्याकडे जलोपचारासाठी काही महिने राहिला. घरी परतला तेव्हा डॉक्टरांनी त्याला दिवसातून अडीच तासच काम करण्याची परवानगी दिली होती.

पुढे डाउनच्या घरातली त्याची जी दिनचर्या ठरून गेली, ती मुलाने लिहून ठेवली आहे. सकाळी थोडे फिरणे, मग न्याहारी. आठ ते साडेनऊ काम. नंतर एक तास कोचावर पडून घरच्यांकडून पत्रे वाचून घेणे. साडेदहा ते बारा पुन्हा काम; आणि दिवसाचे मुख्य काम संपले असे तो समजे. मग फेरफटका. घरामागे त्याने वाळूची एक पायवाट करून घेतली होती. तिच्या तोंडाशी गारगोट्या मांडून ठेवायच्या आणि प्रत्येक फेरीला एक पायाने बाजूला सारायची, म्हणजे फेऱ्या मोजत बसायला नको. दुपारी पत्रलेखन, झोप, एम्माने वाचून दाखविलेली कादंबरी. साडेचार ते साडेपाच पुन्हा तासभर काम. आणि रात्री एम्माशी बॅकगॅमनचे दोन डाव. त्यांचा हिशेबही तो ठेवी. १८७६ मध्ये त्याने एका मित्राला कळविले होते की आपण २७९५ डाव जिंकलो आणि एम्मा २४९०.

म्हणजे एकूण काम दिवसाला चार तासांच्या आसपास. पण ते ठरल्या वेळी आणि ताज्या डोक्याने केलेले. अंगात शक्ती उरली असतानाच तो टेबलावरून उठे. याच बेताने त्याने आठ वर्षे, १८४६ ते १८५४, बार्नेकल या समुद्री जीवांचा अभ्यास केला.

या संथपणाची किंमत त्याला मोजावी लागली. सिद्धांताचा विस्तृत आराखडा १८४४ मध्येच लिहून झाला होता. आपण मेलो तर तो छापावा असे पत्नीसाठी लिहूनही ठेवले होते. पण ग्रंथ पुरा होईना. जून १८५८ मध्ये आल्फ्रेड वॉलेसचे टपाल आले, आणि त्यातल्या निबंधात तोच सिद्धांत मांडलेला! वीस वर्षांचे काम हातचे जाते की काय, अशी वेळ आली. त्याच दिवसांत धाकटे मूल तापाने दगावले. मित्रांनी मार्ग काढला आणि १ जुलै रोजी दोघांचेही लेखन लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले. डार्विन स्वतः तेथे नव्हता. मग तेरा महिने त्याने झपाट्याने लिहिले. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी त्याचा जगप्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखक इल्क्ली येथे पुन्हा जलोपचार घेत होता. घाईने पुस्तक पुरे झाले, माणूस मात्र पुन्हा अंथरुणाला खिळला. आणि तेरा महिन्यांत ते लिहून होऊ शकले, याचे कारण मागची वीस वर्षे सावकाश जमविलेले पुरावे, हेही खरेच.

डार्विनच्या पाठीशी वडिलांचा पैसा होता, घरात नोकरचाकर होते आणि एम्मासारखी पत्नी होती. शिकवण्या करून फी भरणाऱ्या आपल्या मित्राला दुपारी कोचावर पडणे कसे परवडावे? आणखी एक गोष्ट आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. आत्मचरित्रात त्याने खंत व्यक्त केली आहे की तरुणपणी आवडणारी कविता पुढे आपल्याला वाचवेना. पुन्हा जन्म मिळाला तर आठवड्यातून एकदा तरी काव्य वाचण्याचा आणि संगीत ऐकण्याचा नेम करीन. शक्ती जपताना मनाचा एक कोपरा त्याने उपाशी ठेवला होता.

मामाच्या शेतातली ती गांडुळे मात्र त्याने सोडली नाहीत. डिसेंबर १८४२ मध्ये घराजवळच्या एका शेतात खडूच्या दगडाचे तुकडे पसरले गेले होते. नोव्हेंबर १८७१ मध्ये तेथे चर खणून पाहिला, तर खडूची पांढरी रेघ सात इंच खाली गेलेली होती. एका प्रयोगाच्या उत्तरासाठी तो एकोणतीस वर्षे थांबला! गांडुळांवरचे पुस्तक ऑक्टोबर १८८१ मध्ये निघाले. ते त्याचे शेवटचे पुस्तक. १९ एप्रिल १८८२ रोजी डाउनच्या घरीच त्याने देह ठेवला.

अठ्ठावीस वर्षांच्या एका थकलेल्या तरुणाला डॉक्टरांनी काम टाकायला लावले, तेव्हा त्याला ती शिक्षाच वाटली असेल. पण त्याच सुट्टीत पाहिलेल्या शेताने त्याला चव्वेचाळीस वर्षांनी शेवटचा ग्रंथ दिला. परीक्षेचे वेळापत्रक फलकावर लागेल, तेव्हा डार्विनचे चार तास आपल्याला जमतील न जमतील. पण डोके जड झाल्यावर दिवा मालवून निजायला काय हरकत आहे?