आकस्मिक द्रव्य आणि उद्योग : जमशेटजी टाटा यांच्या चरित्रातील बोध

घरात अकस्मात द्रव्य आले म्हणजे नवा धंदा काढण्याची उमेद उत्पन्न होते. परंतु त्याच द्रव्याने घर तरते, तसे बुडतेही. दोन्ही अनुभव एकाच कुटुंबास आल्याचा दाखला जमशेटजी नसरवानजी टाटा यांच्या चरित्रात सापडतो.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण आटोपून ते वडिलांच्या पेढीत शिरले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचे मोल आले. नव्या बँका व समुद्र हटविणाऱ्या कंपन्या यांच्या भागांवर लोक तुटून पडले. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले, आणि टाटांची पेढीही संकटात सापडली. त्या वेळी लंडनमध्ये असलेल्या जमशेटजींनी धनकोंपुढे सर्व व्यवहार उघडपणे मांडला. द्रव्य गेले; पत मात्र राहिली.

पुढे अबिसिनियाच्या स्वारीवर गेलेल्या फौजेस रसद पुरविण्याच्या मक्त्यात नसरवानजींचा भाग होता. १८६८ साली ती मोहीम आटोपली आणि घरात पुन्हा मोठा पैसा आला. त्याच वर्षी जमशेटजींनी एकवीस हजार रुपये भांडवलावर स्वतःची पेढी काढली. चिंचपोकळीची बुडीत निघालेली तेलाची गिरणी घेऊन तिची त्यांनी कापडगिरणी केली, आणि काही काळाने ती नफ्याने विकली. तरीही त्यांनी उतावीळ केली नाही. लँकेशायरला जाऊन गिरणीधंदा पाहिला. मग कापूस पिकतो त्या मुलखाजवळचे नागपूर निवडले. १८७४ साली पंधरा लाखांची कंपनी स्थापन झाली, व १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. १९०४ साली जमशेटजी निवर्तले, तेव्हा पोलादाच्या कारखान्याची योजना त्यांनी मागे ठेवली होती.

पहिल्या वेळी पैसा भागांच्या सट्ट्यात गेला; दुसऱ्या वेळी तो अभ्यासिलेल्या धंद्यात गेला. आज आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांच्या हाती जमिनीचा मोबदला किंवा सेवानिवृत्तीची रक्कम एकदम येते, आणि चिरंजीव धंद्याचे नाव काढतात. वडीलधाऱ्यांनी त्यांस नाउमेद करू नये. मात्र धंदा शिकण्यास वर्षभराचा अवधी द्यावा, आणि घराची पत पणास लावू देऊ नये, इतकेच सर्व ज्ञातिबांधवांस नम्रपणे सुचवावेसे वाटते.