कुन्हांचा गुन्हा

२४ जुलै १९४६ रोजी पोर्तुगीज सत्तेने गोव्यातील पंचावन्न वर्षांच्या एका विद्युत अभियंत्याला लष्करी न्यायासनासमोर उभे केले. हा मनुष्य सैनिक नव्हता. त्याने शस्त्र उचलले नव्हते, दारूगोळा जमवला नव्हता, कोणाच्या केसाला धक्का लावला नव्हता. त्याने लिहिले होते, आणि लिहिलेले चारचौघांत उभे राहून बोलण्याचे धाडस केले होते. आठ वर्षांचा कारावास आणि सातासमुद्रांपलीकडे हद्दपारी एवढे या अपराधाचे मोल ठरविण्यात आले. लष्करी न्यायासनापुढे खेचला गेलेला हा पहिला गोमंतकीय नागरिक म्हणजे डॉ. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा.

आजच्या तरुण वाचकाला हा गुन्हा समजावून सांगावा लागतो, याचा आम्हांस आनंदच वाटतो. सभेला सरकारी परवाना, मजकुराला सेन्सॉरची लाल रेघ, फार काय, लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेवरही सेन्सॉरची नजर, अशा वातावरणात दोन पिढ्या वाढल्या. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले तेव्हा येथील हिंदूंना प्रथमच बरोबरीचे नागरिकत्व लाभले. शाळा, ग्रंथालये, मराठी नियतकालिके यांना बहर आला तो त्याच काळात. पण ती सनद सोळा वर्षेच टिकली. १९२६ च्या लष्करी उठावाने आणि त्यामागून आलेल्या सालाझारशाहीने दिलेले सारे परत घेतले, आणि १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने तर गोमंतकीय हा दुय्यम दर्जाचा मनुष्य असल्याचे कागदोपत्री नोंदवूनच टाकले. नेमक्या या वळणावर, १९२६ साली, कुन्हा युरोपातून गोव्यात परतले.

त्यांचा जन्म २ एप्रिल १८९१ चा, चांदर गावचा. घराणे कासावलीजवळच्या कुएलीचे, सधन आणि ख्रिस्ती. पणजीतील शिक्षणानंतर ते फ्रेंचांच्या पुद्दुचेरीस गेले आणि तेथून पॅरिसला. सोर्बोन विद्यापीठात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्यांच्या वर्गातील मुले त्या काळी लिस्बनची वाट धरीत आणि परत येऊन वकिलीत वा सरकारी खुर्चीत स्थिरावत. कुन्हांनी पॅरिस निवडले, आणि पॅरिसने त्यांना विजेपेक्षा राजकारणाचे शिक्षण अधिक दिले. रोमाँ रोलाँ यांच्यासारख्या साहित्यिकांच्या वर्तुळाशी त्यांचा परिचय झाला. ब्रिटिश वृत्तसंस्थांच्या चष्म्यातून हिंदुस्थानकडे पाहणाऱ्या फ्रेंच वाचकांसमोर त्यांनी तेथील डाव्या नियतकालिकांतून भारतीय स्वातंत्र्याची बाजू मांडली.

स्वदेशी आल्यावर त्यांनी प्रथम हाती घेतलेले प्रश्न सुशिक्षितांचे नव्हते. आसामच्या चहामळ्यांसाठी गोव्यातील गरीब कुणब्यांची भरती चालली होती. या माणसांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी आवाज उठविला. पुढे १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन करून तिला राष्ट्रीय काँग्रेसशी जोडून घेतले. गोव्याचा प्रश्न हा लिस्बनच्या मेहेरबानीचा नसून हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा एक भाग आहे, ही गोष्ट आज स्वयंसिद्ध वाटते. त्या वेळी ती म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. १९३४ मध्ये काँग्रेसने आपल्या नव्या घटनेकडे बोट दाखवून हे संलग्नत्व काढून घेतले. आपलेच लोक असे दार लावून घेतात तेव्हा पुष्कळांचे राजकारण संपते. कुन्हांनी १९३८ मध्ये मुंबईत समितीची नव्याने उभारणी केली. गोव्यात छापता येत नसे ते मुंबईत छापावे आणि सीमेपलीकडून आत पोचवावे, हा शिरस्ता पुढे दोन दशके चालला.

१९४४ साली त्यांची गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावरील पुस्तिका प्रसिद्ध झाली. पुस्तिका लहान, पण तिने अनेक घरांत वाद पेटविले. बाटवाबाटवी आणि इन्क्विझिशन, देशी भाषेची व चालीरीतींची गळचेपी, परकीय भाषेतील शिक्षण आणि पोटासाठी देशोधडीला लागणारा तरुण, हे सारे एकाच साखळीचे दुवे आहेत असे प्रतिपादन त्यांनी केले. सत्ता शरीरावर राज्य करते तोवर ती उलथता येते, ती मनावर राज्य करू लागली की गुलामाला आपली बेडी दागिन्यासारखी वाटू लागते, हा त्या विवेचनाचा गाभा. ख्रिस्ती कुळात जन्मलेल्या माणसाने चर्च आणि सत्ता यांच्या युतीवर असा प्रहार करावा, हे त्यांच्या समाजातील अनेकांना रुचले नाही.

येथे आम्हांस आमच्याच वाचकांशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. ही पुस्तिका हिंदू घरांत मोठ्या आवडीने वाचली गेली, आणि कित्येकांनी तिचा सोयीस्कर अर्थ असा घेतला की, दोष शेजाऱ्याचा, आपण त्यातून सुटलो. पण मथळ्यात कुन्हांनी गोमंतकीय म्हटले होते. परकीय सत्तेच्या सावलीत ज्यांच्या जमिनी, मक्ते आणि व्यापार फोफावले, गव्हर्नरच्या स्वागताला हार घेऊन जे पुढे उभे राहिले, ते सगळे एकाच धर्माचे नव्हते. डाव्या विचाराच्या कुन्हांना हे पुरते ठाऊक होते. त्यांना हिंदूंचे प्रशस्तिपत्र नको होते आणि ख्रिस्त्यांचा रोषही त्यांनी चुकविला नाही.

१८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलावयास उभे राहिले. असोळण्यास डॉ. जुलियांव मिनेझिश यांच्याकडे ते विश्रांतीसाठी आले होते, आणि त्यांनी लोकांसमोर ठेवलेली पहिली मागणी नागरी स्वातंत्र्याची होती. बोलू द्या, जमू द्या, छापू द्या, एवढेच. लोहियांना अटक करून सत्तेने पुढे हद्दीबाहेर सोडले, आणि पाहुणा गेला की घर शांत होईल असा तिचा होरा होता. परंतु ३० जूनला त्याच मडगावात कुन्हा सभेसाठी उभे राहिले. पोलिसांनी त्यांना मारहाण केली. जुलैत अटक झाली आणि आग्वादच्या किल्ल्यातील अंधाऱ्या, ओलसर कोठडीत त्यांना डांबण्यात आले. लोहियांनी काडी ओढली हे खरेच. पण वीस वर्षे जळण जमविणारा हा मनुष्य नसता, तर ती कितीशी पेटली असती?

पोर्तुगालच्या किनाऱ्यावरील पेनिशच्या दुर्गात त्यांना ठेवले गेले. डॉ. राम हेगडे, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे आणि जुझे इनासियु लॉयोला हेही तेथे पाठविण्यात आले. गंमत अशी की, हा तुरुंग सालाझारने स्वतःच्या देशबांधवांसाठीच राखून ठेवला होता. आल्व्हारु कुन्याल हा पोर्तुगीज कम्युनिस्ट नेता १९६० मध्ये याच किल्ल्यातून निसटला. गोव्यातील माणसाची जीभ कापणारी राजवट लिस्बनमधील माणसालाही बोलू देत नव्हती. १९७४ मध्ये पोर्तुगीज लष्करी अधिकाऱ्यांनी जनतेच्या पाठिंब्याने ती राजवट उलथवली, आणि त्यानंतरच पोर्तुगालने गोव्याचे भारतातील विलीनीकरण मान्य केले, हा योगायोग नव्हे.

१९५० मध्ये कुन्हा तुरुंगातून बाहेर आले, पण पोर्तुगालातून नाही. मायदेशी परतण्यास त्यांना मज्जाव होता. अखेर साठीच्या उंबरठ्यापलीकडे गेलेल्या या गृहस्थांनी १९५३ मध्ये पहाऱ्यावर तुरी देऊन पॅरिस गाठले आणि तेथून सप्टेंबरात मुंबई. विश्रांती घेण्याचा अधिकार कोणी नाकारला नसता. त्यांनी गोवा कृती समिती उभी केली, विखुरलेल्या गटांना एकत्र आणण्याची खटपट केली आणि ‘फ्री गोवा’ हे इंग्रजी पत्र सुरू केले. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही सीमेवर गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर दिल्लीचे सावध धोरण त्यांना अधिकच सलू लागले. शब्दाने राज्य हलविता येते यावर आयुष्यभर विसंबलेला मनुष्य शेवटी सरकारकडे कृतीची मागणी करीत राहिला, ही त्या जीवनातील एक बोचरी गोष्ट आहे.

२६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. गोवा मुक्त होण्यास अजून तीन वर्षे आणि काही महिने अवकाश होता. पुढच्याच वर्षी जागतिक शांतता परिषदेने त्यांना मरणोत्तर सुवर्णपदक दिले. त्यांचे विखुरलेले लेखन १९६१ मध्ये मुंबईत ग्रंथरूपाने निघाले. देह मात्र शिवडीच्या दफनभूमीत राहिला, मुक्तीनंतरही पंचवीस वर्षे. १९८६ मध्ये त्यांचे अवशेष पणजीस आणून आझाद मैदानावर ठेवण्यात आले. या मैदानाला पोर्तुगीज अमदानीत आफोंसु द आल्बुकेर्कचे नाव होते आणि तेथे त्याचा पुतळाही होता. आता तेथे नोकरी गेलेले कामगार, जमीन गमावलेले शेतकरी आणि नाराज शिक्षक येऊन बसतात, घोषणा देतात, सरकारला चार शब्द सुनावतात आणि संध्याकाळी घरी जातात.