दिवेवाल्या बाईंची स्लाइड



गेल्या सेमिस्टरला सेमिनारमध्ये मी माझ्या शिरूरच्या मामांच्या कांद्याच्या धंद्यातले धोके दाखवले. एका स्लाइडवर चौदा बुलेट्स. सरांनी विचारलं, यातला सर्वात मोठा धोका कोणता? माझी बोलतीच बंद. उत्तर शोधताना भेटल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

हातात दिवा घेतलेली नर्स, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण बाई पक्क्या आकडेवाल्या होत्या. जन्म 12 मे 1820, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात, श्रीमंत इंग्रज घरात. घरच्यांचा विरोध पत्करून त्या नर्सिंगमध्ये शिरल्या. 1854 मध्ये क्रिमियन युद्धाच्या वेळी 38 नर्सेस घेऊन त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या इस्पितळात पोहोचल्या. तिथे सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच जास्त मरत होते. मार्च 1855 मध्ये सॅनिटरी कमिशन आलं, गटारं साफ झाली, खेळती हवा आली आणि मृत्यू झपाट्यानं घटले.

परतल्यावर बाईंनी विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीनं आकडे तपासले. पण मंत्री लोक तक्ते वाचणार थोडेच! म्हणून 1858 मध्ये त्यांनी गोल आकृती काढली. बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. टाळता येणारे रोग निळे, जखमा लाल, बाकी कारणं काळी. मृत्यू क्षेत्रफळाच्या प्रमाणात, म्हणजे त्रिज्या वर्गमूळाच्या प्रमाणात (गणितवाल्यांनो, नोंद घ्या). निळा रंग बघितला की धोका कुठे आहे हे कुणालाही कळावं.

हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत, पण आपल्या भागाशी त्यांचा संबंध आहे. डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात सावकारावर बहिष्कार पडला. 12 मे 1875 ला, नेमका बाईंच्या पंचावन्नाव्या वाढदिवशी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला दंगा पेटला. आजचा दौंड तालुका त्याच जुन्या भीमथडीतला. शेतकऱ्यांनी कर्जखतं जाळली. न वाचता अंगठे उठवलेले ते कागद. त्यांच्यातला धोका त्यांना कुणी दाखवलाच नव्हता. 1878 मध्ये बाईंनी इंग्लंडच्या मासिकात लेख लिहून दख्खनच्या रयतेचा कर्जबाजारीपणा तिथल्या लोकांपुढे मांडला. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही गावच्या स्वच्छतेबद्दल त्यांचा पत्रव्यवहार होता. 13 ऑगस्ट 1910 ला लंडनमध्ये त्या वारल्या.

सुट्टीत मी मामांच्या वहीतून पाच वर्षांचं नुकसान काढलं आणि चौदा बुलेट्सऐवजी एकच आकृती केली. मला वाटलं होतं, सर्वात मोठा तुकडा पडलेल्या भावाचा किंवा चाळीत सडलेल्या कांद्याचा असेल. निघाला तो हातउसन्या पैशांवरच्या व्याजाचा. मामा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग उठले आणि मामींना म्हणाले की उद्या बँकेत जाऊन येतो.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे. सेमिनारचे मार्क मात्र गेले ते गेलेच!