सही न जुळलेला माणूस

मेंदूला मार बसून उठलेला माणूस कधीकधी आरशासमोर थबकतो. हा मीच का? फिनिअस गेजच्या बाबतीत ही शंका आधी इतरांनीच घेतली.

१३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेत व्हरमाँटमधील कॅव्हेंडिशजवळ रेल्वेसाठी सुरुंग ठासताना स्फोट झाला. साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोची पहार पंचविशीतल्या या मुकादमाच्या डाव्या गालातून शिरून टाळूतून बाहेर पडली. गडी बैलगाडीत ताठ बसून मुक्कामी आला! डॉक्टर हार्लोंनी त्याला वाचवले. डावा डोळा मात्र गेला.

पण समंजस मुकादम आता शिवराळ, चंचल झाला होता. मित्रांना तो परका वाटू लागला, कंपनीने काम नाकारले. आम्ही बँकवालेही असेच. अर्धांगातून उठलेला खातेदार समोर उभा, आणि आम्ही कार्डावरची जुनी सही ताडून पाहतोय. आज लाज वाटते.

गेजला आतून काय वाटे, हे कुणी विचारून लिहून ठेवले नाही. ती पहार मात्र त्याने आयुष्यभर जवळ बाळगली. १८५२ मध्ये तो चिलीला गेला आणि काही वर्षे सहा घोड्यांची गाडी हाकत राहिला. घोडे, उतारू, ठरलेला रस्ता. या रोजच्या नेमातच तो पुन्हा स्वतःला सापडत गेला असावा, असे मला वाटते.

प्रकृती ढासळल्यावर तो सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे आला. मे १८६० मध्ये, फेफऱ्याचे झटके येऊन, छत्तिसाव्या वर्षी गेला. भाचरांना अचाट गोष्टी रचून सांगायचा, ही आठवण त्या माउलीनेच पुढे डॉक्टरांना सांगितली.