एड रॉबर्ट्स : अडवलेल्या प्रमाणपत्रापासून कलम ५०४ पर्यंत

कॅलिफोर्नियातील बर्लिंगेमच्या शाळेने एड रॉबर्ट्स यांचे शालान्त प्रमाणपत्र अडवले, ते गुण कमी होते म्हणून नव्हे. शारीरिक शिक्षण आणि मोटार चालविण्याचा अभ्यासक्रम पूर्ण झाला नव्हता, एवढेच कारण. १९५३ साली, चौदाव्या वर्षी, पोलिओने त्यांचे शरीर मानेखाली जवळजवळ निश्चल केले होते. रात्री श्वासासाठी लोखंडी फुप्फुसाच्या यंत्रात झोपावे लागे. आई झोना शिक्षण मंडळाशी भांडल्या, तेव्हा प्रमाणपत्र मिळाले. अशा मुलांना शाळेत हक्क देणारा केंद्रीय कायदा त्या काळी अस्तित्वातच नव्हता.

१९६२ मध्ये ते बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाले. वसतिगृहात ते अवजड यंत्र मावेना, म्हणून त्यांची सोय कोवेल रुग्णालयात करण्यात आली. पुढे तेथेच जमलेल्या अपंग विद्यार्थ्यांतून ‘रोलिंग क्वाड्स’ ही संघटना उभी राहिली.

राज्याच्या पुनर्वसन विभागाने एकदा त्यांना नोकरीस अपात्र ठरवून शिक्षणाचा खर्च नाकारला होता. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी पुढे त्याच विभागाचे संचालकपद त्यांना दिले! १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ तेव्हा नियमांअभावी कागदावरच होते. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत अपंगांनी ठिय्या दिला आणि हे संचालक उघडपणे आंदोलकांच्या बाजूने बोलले. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. अमेरिकेतील मराठी पालक शाळेकडे ‘५०४ प्लॅन’ मागतात, तो याच कलमाच्या आधारे.

१९९५ मध्ये रॉबर्ट्स निवर्तले. त्यांची चाकांची खुर्ची आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे.